धुरपदाबाईंची हरकत

३ मार्च २०२५, सोमवार

शेवटी एकदाचं काम आलं. पोलीस पाटील होऊन सहा महिने झाले. तेवढ्यात काय केलंस असं कुणी विचारलं तर सांगायला दोन हरवलेल्या शेळ्या आणि गणपतीच्या मांडवातली एक बाचाबाची. कृष्णराज तर सगळ्यांना सांगत फिरतो की आमच्या घरात सरकार आहे, पण ते खवा हलवायला येत नाही. आमची खव्याची भट्टी आहे. सकाळी गावातलं दूध येतं, दुपारपर्यंत कढया चालतात, आणि बायकोनं परीक्षा देऊन मिळवलेलं पद नवऱ्याला गंमत वाटते.

आज भूमच्या ठाण्यातून जमादार आले होते. गावातल्या कुमारनं जेलमधून संचित रजेचा अर्ज केलाय. म्हणजे कैद्याला थोडे दिवस घरी सोडतात, मग त्यानं आपल्या पायानं परत जायचं. त्याआधी गावात चौकशी होते. राहणार कुठं, जामीन कोण, मयताच्या घरच्यांची हरकत आहे का, आणि पोलीस पाटलाचं मत काय. मत माझं!

जमादार म्हणाले, "मॅडम, तुमच्या रिपोर्टावर लई अवलंबून असतंय. आधी दोनदा नाकारलीय त्याला. एकदा रजेवर येऊन वेळेत माघारी गेला, की पुढं मुदतीआधी सुटका करताना त्ये बघत्यात. चौदा वर्सं झाली त्याला आत."

कागदावर होतं, गुन्ह्याच्या वेळी वय एकोणीस. मी विचारलं, वयाचं काही धरत नाहीत का?

"अठरा संपली की कायद्याला समदे सारखेच. वरचे सायब बघत असतील. आपल्याकडं त्याला रकाना न्हाय."

माझं माहेर अणदूरचं, तेव्हा मी या गावात नव्हते. लग्न होऊन आले तेव्हा कळलं ते एवढंच. पोळ्याच्या दिवशी वेशीतून आधी कुणाचे बैल न्यायचे यावरून भांडण झालं. कुमारनं काठी उगारली, ती बिभीषणच्या डोक्यात बसली, आणि बार्शीला नेईपर्यंत तो गेला. बिभीषणची बायको धुरपदाबाई रोज सकाळी आमच्याच भट्टीवर दूध घालायला येतात. आजही आल्या होत्या. त्यांना काही बोलले नाही, चौकशी नियमानं व्हायला हवी.

६ मार्च

कुमारच्या आईचा, सिताबाईंचा जबाब झाला. घर गावाबाहेर, रानातच. मला वाटलं होतं, रडारड होईल. बाईंनी उलट मला घर दाखवलं. भिंती नुकत्याच पांढऱ्या मातीनं सारवलेल्या. "हितं झोपंल, न्हाय तर बाहीर बाजंवर." त्यांचा माकणीचा भाऊ जामीन राहतोय. मग म्हणाल्या, "पाटीलबाई, त्याला आता काय आवडत असंल वो? तवा शेंगोळे केले की ताट चाटायचा. आता तेहतिसाचा झाला. मानूस बदलतंय का न्हाय?"

मी म्हणाले, बदलतं. मी एकोणिसाची होते तेव्हा कॉलेजला जाते सांगून बाजारात भेळ खायचे, आणि आयुष्यभर तशीच राहीन असं वाटायचं. कृष्णराज एकोणिसाचा असताना त्यानं रागाच्या भरात चुलत्याच्या मोटारसायकलला काडी लावली होती. त्यात कुणी मेलं नाही, म्हणून आज तो खव्याचा व्यापारी आहे.

विहिरीच्या तळाला थोडं पाणी आहे, त्यावर लसूणघासाचा वाफा हिरवागार ठेवलाय बाईंनी. दावणीला मात्र शेळीसुद्धा नाही. त्या पोळ्यानंतर बैल विकले ते विकलेच. मग हा चारा कुणाला, असं विचारलं तर म्हणाल्या, "जातो." मी लिहून घेतलं, उदरनिर्वाह मजुरी व चारा विक्री.

९ मार्च, रविवार

मयताच्या घरचा जबाब. बिभीषणचा धाकटा भाऊ महारुद्र, त्याच्या अंगणात. धुरपदाबाई त्याच वाड्यात एका खोलीत राहतात, म्हणून तिथंच ठरवलं. उद्या कुणी म्हणायला नको की पाटीलबाईंनी परस्पर लिहिलं, म्हणून शेजारचे चार कर्ते पुरुष पंच म्हणून मीच बोलावून घेतले. सगळ्यांना खुर्च्या मिळाल्या. कार्यक्रम नीट झाला.

मी प्रश्न मोठ्यानं वाचला. सदर कैदी रजेवर गावात आल्यास आपली काही हरकत आहे का? धुरपदाबाई दाराच्या आत उभ्या होत्या, पदर दातात धरून. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खुर्च्यांकडं, मग खाली.

महारुद्र म्हणाला, "हरकत हाय म्हून लिवा. सकाळी बैल सजवून गेलो आन सांजच्याला भावाला खांद्यावर घिऊन आलो म्या. आता त्यो हितं हिंडनार आन आमी बघत बसनार व्हय?" बोलताना त्याचा आवाज फाटला. माणूस खोटं बोलत नव्हता, मलाही भरून आलं.

मी म्हणाले, "धुरपदाबाई, तुमचं काय म्हणणं?"

पंचांपैकी एकजण खाकरला. "भावजी म्हनत्यात तसं लिवा," त्या म्हणाल्या.

सही करताना हळूच त्यांनी विचारलं, "ह्ये आजच जायाचं का?" मी म्हणाले, काळजी करू नका, मी काम अडकवून ठेवत नाही.

संध्याकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत म्हणाल्या, "जबाब घ्याया गेलतीस का पंगत वाढाया? येवढ्या बाप्यांत बाई काय बोलंल?" मी म्हणाले, "आत्याबाई, पंच लागतात." त्यावर त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. सासूबाईंना प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवयच आहे.

१० मार्च

रिपोर्ट लिहिला. जुन्या पाटलांचे कागद बघून भाषा घेतली, पण वाक्य माझं. "मयताच्या पत्नीने तीव्र हरकत नोंदवली असून, सदर बंद्यास रजेवर सोडल्यास गावात शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही." नुसतं हरकत हे फार बोडकं दिसत होतं. तीव्र लिहिल्यावर रिपोर्ट भरीव झाला.

कृष्णराजला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "नाकारता येत नाही म्हणजे काय? भांडण होईल का नाही होणार?" मी म्हणाले, तुला नाही कळायचं. तो म्हणाला, मलाच नाही, लिहिणारीलाही कळलेलं दिसत नाही. याला दुधाच्या कॅनशिवाय काही दिसत नाही.

खरं सांगायचं तर माझं मत काय, हे मी स्वतःला विचारलंच नाही. सिताबाईंच्या सारवलेल्या भिंती आठवत होत्या. पण जबाब जबाब असतो. दुपारी कृष्णराजच्या टेम्पोतूनच भूमला जाऊन कागद देऊन आले. जमादार म्हणाले, "येवढ्या लवकर कुनी देत न्हाय, मॅडम." घरी येईपर्यंत हसू जात नव्हतं.

११ मार्च

धुरपदाबाई दूध घालून झालं तरी भट्टीवर रेंगाळत होत्या. मग जवळ येऊन म्हणाल्या, "दुपारी रानात या की. बांधावरच्या चिंचा लई गोड हायत्या. एकट्याच या."

चिंच खाल्ली की माझा घसा बसतो. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग नुसत्याच या." मी म्हणाले, बघते. दुपारी अंगणवाडीत बैठक होती.

१३ मार्च, होळी

पुरणाचा घाट चालू असताना धुरपदाबाई मागच्या दारानं आल्या. "त्यो कागद हाय का गेला?" मी म्हणाले, "कधीच! दुसऱ्याच दिवशी स्वतः नेऊन दिला." त्या म्हणाल्या, "लौकर गेला." मी पोळी दिली तर नको म्हणाल्या. बिचारीला भीती वाटत असणार, तो येतो की काय म्हणून. धीर द्यायला हवा होता.

७ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. सगळ्यांची दुभती जनावरं आटत चाललीत, एक धुरपदाबाईंची म्हैस सोडून. कृष्णराज म्हणतो, तिच्या दुधाला सगळ्यात जास्त खवा पडतो. "हिच्या रानात कुसळ उगवत न्हाय आन म्हशीच्या शेनाचा रंग बघ, हिरवा! कुठनं आणती बाई कुणास ठाऊक." हा माणूस दुसऱ्याच्या म्हशीच्या शेणावरही लक्ष ठेवतो.

२८ एप्रिल

कुमारची रजा नामंजूर झाली. जमादारांनी आदेश मोबाइलवर पाठवला आणि म्हणाले, घरी तेवढं कळवा.

सिताबाई वाफ्यात बसून घास कापत होत्या. विळा खाली न ठेवताच म्हणाल्या, "का म्हून न्हाय म्हनले त्ये वाचा." मी वाचलं. माझंच वाक्य होतं, एका अक्षराचा फरक नाही. वाचताना आधी क्षणभर बरंच वाटलं, वरच्यांनी जसंच्या तसं उचललं म्हणून. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

सिताबाई म्हणाल्या, "धुरपदानं म्हनलं आसं? तिच्या तोंडानं?"

"सही आहे त्यांची."

"तीव्र म्हंजे?"

"म्हणजे... खूप."

"लई?"

मी म्हणाले, "हो. लई."

त्यांनी कापलेला घास बांधायला घेतला होता, तो तसाच सोडून घरात गेल्या. मी बाहेर थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. महारुद्रला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं झालं." पण त्याच्याही तोंडावर बरं झाल्यासारखं काही दिसलं नाही. भट्टीवर धुरपदाबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिला म्हाईत हाय? माझं नाव सांगितलं तिला?" मी म्हणाले, सांगावंच लागतं, कारण लिहिलेलं असतं.

आज जेवण गेलं नाही.

६ मे

कृष्णराजनं आज भट्टीवर सगळ्यांदेखत धुरपदाबाईंची थट्टा केली. "बाई, दुधाला काय झालं? खवाच पडंना. पाणी घालाया लागलाव का?" त्यांचा चेहरा एवढासा झाला. "पानी न्हाय घातलं. चारा तुटला."

मी त्याला आत बोलावून चांगलं झापलं. पण चारा कुठून तुटला हे काही विचारलं नाही.

संध्याकाळी सिताबाईंच्या रानावरून आले. घास गुडघ्याच्या वर गेलाय, जांभळी फुलं धरलीत, कापायचा राहिलाय. या दिवसांत कुणीही हातोहात नेईल. विकत का नाहीत कोण जाणे.

१० मे

कळलं. आता बसून सगळं नीट लिहून काढते, नाहीतर मन थाऱ्यावर यायचं नाही.

सकाळी धुरपदाबाई दूध घालून थेट माझ्यापुढं आल्या. "आज तरी रानात येताव का?" मी तशीच निघाले. त्यांचं रान आणि सिताबाईंचं रान यांत एकच बांध आहे. चिंचेखाली त्या उभ्या राहिल्या.

"हितं पेंडी असायची," त्या म्हणाल्या. "रोज."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. बिभीषण गेल्याच्या दुसऱ्या वर्षी म्हैस व्याली आणि घरात चारा नव्हता. एका सकाळी बांधावर घासाची पेंढी दिसली. "कुनाची हाय त्ये कळलं मला. म्या हात लावला न्हाय. दुसऱ्या दिवशी आनखी एक. त्या बी वाळू दिल्या. मंग एक दिस म्हैस लई हंबराया लागली. मुकं जनावर, त्याला काय कळतंय कुनी कुनाला मारलं? म्या नेली पेंडी. दोर तितंच ठिवला. दुसऱ्या दिवशी त्याच दोरात नवी."

"आणि बोलणं?"

"कदी न्हाय. भावजींना म्हाईत न्हाय, गावाला न्हाय. तिनं ठिवायचं, म्या न्यायचं. बारा-तेरा वर्सं झाली. पाटीलबाई, ज्या दिवशी म्या ती पेंडी नेली तवाच माझी हरकत सपली. तुमी ती खुर्च्या मांडून इचारली."

मी म्हणाले, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?

त्या चिडल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं बघितलं नव्हतं. "कुनाफुडं बोलू? भावजीफुडं? त्येंनी माज्या नवऱ्याला खांदा दिला, आन म्या त्येंच्या अंगनात म्हनू का, त्यो मारनारा यिऊ द्या म्हून? म्या तुमाला रानात बोलावलं व्हतं. तुमी म्हनला, घसा बसतो."

मी विचारलं, राग नाही का तुम्हाला कुमारचा?

"हाय की. मरंस्तवर ऱ्हाईल. पर ज्याचा राग हाय त्यो एकोनीस वर्साचं पोरगं व्हतं, नुकती मिसरूड फुटलेलं. आता यील त्यो कोन हाय त्ये मला बघायचं व्हतं. समोर उभं करून बघायचं व्हतं."

पलीकडं घासाला फुलं आली होती आणि बांधावर वाळका दोर पडला होता. मी एक शब्द जास्तीचा लिहिला. रिपोर्ट भरीव दिसावा म्हणून लिहिला. त्या शब्दानं सिताबाईंचा मुलगा तर आत राहिलाच, पण गावात कुणालाही न कळता दोन बायकांनी एवढी वर्षं जे जपलं होतं तेही तुटलं. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

१३ मे

धुरपदाबाईंना घेऊन भूमला गेले. निघताना त्या महारुद्रला तोंडावर सांगून आल्या, "माझी हरकत न्हवती, ती काढाया चालले." तो बाजेवर बसला होता. भिंतीकडं तोंड करून निजला, एवढंच त्यांनी सांगितलं. एसटीत त्या सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

जमादारांनी ऐकून घेतलं. माणूस चांगला आहे. "मॅडम, आता नामंजूर झालंय. ह्यो जबाब मी ठिवून घेतो, पर त्याचा उपयोग कवा? बंद्यानं पुना अर्ज केला तर. त्याला म्हनावं, अर्ज कर." मी म्हणाले, चूक माझी आहे, तसं लिहून देते. ते म्हणाले, त्याला रकाना नाही.

तर आता कुमारनं पुन्हा अर्ज करायला हवा. सिताबाईंकडं शनिवारी त्याचा जेलमधून फोन येतो. धुरपदाबाई म्हणाल्या, "मीच सांगते त्याला."

१७ मे, शनिवार

आम्ही दोघी गेलो. सिताबाई दारात होत्या. धुरपदाबाईंना बघून त्यांचा हात चौकटीवर गेला आणि तिथंच राहिला. धुरपदाबाईंनीच सांगून टाकलं, उभ्याउभ्या. "म्या न्हवतं म्हनलं तसं. मला बोलू न्हाय दिलं, आन म्या बी बोलले न्हाय." मी म्हणाले, "तीव्र हा शब्द माझा होता. त्यांचा नाही."

सिताबाई माझ्याकडं बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग धुरपदाबाईंना म्हणाल्या, "बस. च्या टाकते," आणि आत गेल्या. आत बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज येत होता.

फोन वाजला तेव्हा त्या चुलीपुढंच होत्या. "घे गं, त्याला म्हनावं आले," त्यांनी आतून सांगितलं. फोन धुरपदाबाईंनी उचलला. मी शेजारी टेकले होते, साध्या फोनचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू आलं.

"आई?"

"आई न्हवं. मी धुरपदा. बिभीषणची."

पलीकडं मागं दुसरं कुणीतरी बोलत होतं, एवढंच ऐकू येत होतं.

"कुमार, ती हरकत माझी न्हवती. तू पुना अर्ज कर. म्या लिहून दिलंय."

"वैनी," तो म्हणाला. आवाज जाड, वयस्क माणसाचा. "तुमची नसंल. पर असाया पायजे व्हती."

"आरं, पर..."

"वकील म्हनायचा, एकोनीस वर्साचा व्हता म्हून दया करा. बिभीषनदादा बी तिसाचाच व्हता की. त्याला कुनी रजा देतंय का? आईनं सांगितलं तुमची लई हरकत हाय, तवा मला बरं वाटलं, वैनी. म्हनलं, कुनीतरी खरं बोललं. मी न्हाय अर्ज करनार. कंचाच न्हाय. रजेचा बी न्हाय, सुटकेचा बी न्हाय. आईला नगा सांगू."

"ये रं," धुरपदाबाई म्हणाल्या. "ये, मला बघायचंय तुला." पण फोन बंद झाला होता. त्याची वेळ संपली होती.

सिताबाई तीन कप घेऊन बाहेर आल्या. फोन खाली ठेवलेला बघून त्यांचं तोंड उतरलं. "ठिवला? माज्याशी न बोलता?"

"येळ सपला त्याचा," धुरपदाबाई म्हणाल्या.

"काय म्हनला?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी धुरपदाबाई बोलल्या. "येतो म्हनला."

सिताबाईंनी कप खाली ठेवले. एक त्यांनी धुरपदाबाईंपुढं सरकवला, आणि मग माझ्याकडं वळल्या, कारण सरकारी गोष्ट मला विचारायची असते.

"कवा?"

"दिवाळीला," मी म्हणाले.